गप्प बसण्यावर सहाशे पानं

आमच्या घरमालकांनी मला पहिल्याच संध्याकाळी हाताने मासा करून दाखवला. पंजा आडवा धरला, शेपटीसारखा हलवला आणि भुवया वर करून माझ्याकडे पाहिलं. मी वीस तासांचा प्रवास करून आले होते, डोकं गरगरत होतं. मला वाटलं, म्हाताऱ्याच्या हाताला वाताचं काही दुखणं दिसतंय. मी मान हलवून हळहळ व्यक्त केली. तर त्यांनी माझ्या ताटलीत माशाचा एवढा मोठा तुकडा वाढला.

शेजारी माझी लेक सुजाता बसली होती. तिच्याकडे बघून मी म्हटलं, "अगं, हे काय?" तर समोरच्या टेबलावर घट्ट बसवलेली सायकलची घंटी वाजली. ट्रिंग! म्हाताऱ्याने ओठांवर बोट ठेवलं. सुजाताने डोळ्यांनीच मला सांगितलं, आई, गप्प. आणि टेबलाच्या टोकाला उभा असलेला, तिथेच भाड्याने राहणारा दाढीवाला, पगडीवाला हरप्रीत एका जाड वहीतून इंग्रजीत काहीतरी मोठ्याने वाचत राहिला, कीर्तनकाराच्या मागे उभ्या असलेल्या टाळकऱ्यासारखा, चेहऱ्यावर झोप घेऊन.

हे ऑस्ट्रेलियातल्या अॅडलेडचं मॉसन लेक्स. सुजाता तिथल्या युनीत, म्हणजे युनिव्हर्सिटीत, शिकायला गेली होती. त्या वर्षांत आपली पोरं नुसती लोंढ्याने तिकडे जात होती. सहा महिन्यांत तिचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं आणि मी पिंपरीहून निघाले. तीन महिन्यांसाठी गेले होते, अकरा महिने राहिले. त्यातले तीन महिने लेकीसाठी आणि उरलेले आठ, खरं सांगू का, या म्हाताऱ्यासाठी.

जेवणाआधी सुजाताने मला सांगायला हवं होतं, पण ती विसरली. खोलीत गेल्यावर म्हणाली, "आई, सॉरी. या घरात सहा वाजता जेवण, आणि जेवताना कोणी बोलायचं नाही. एकाने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. काही हवं असेल तर हाताने खूण करायची."

"का गं? तोंडं नाहीत का?"

"सर आधी मठात होते. मंक. आता एका जुन्या मंकवर पुस्तक लिहितायत."

"कधीपासून?"

"तीस वर्षं झाली म्हणे."

"किती जाड झालंय?"

"तेच तर. संपतच नाही."

सर म्हणजे आमचे घरमालक. सगळी पोरं त्यांना सर म्हणायची. ऑस्ट्रेलियात कोणी कोणाला सर म्हणत नाही हे त्यांनी पोरांना महिनाभर समजावून सांगितलं आणि मग नाद सोडला. शाळेत लॅटिन शिकवून निवृत्त झालेले, लग्न नाही, उंच, वाकलेले, अंगात बाराही महिने एकच विटका स्वेटर आणि पायांत गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. बूट कशाला, तर बागेत साप निघाला तर. साप कधी निघाला होता? कधीच नाही. "बूट बघून येत नसेल," असं ते म्हणायचे.

तरुणपणी ते चार वर्षं मठात राहिले होते. का सोडला म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, "मला गप्प बसता येत होतं, मिसेस आई. पण सांगितलेलं ऐकता येत नव्हतं." सुजाता मला आई म्हणते म्हणून तेही म्हणायचे, पण नुसतं आई म्हणणं त्यांना उद्धटपणाचं वाटायचं. म्हणून मिसेस आई.

आता ज्या साधूवर ते लिहीत होते, त्यांच्याबद्दल सांगते. त्यांचं नाव एवढं लांब आणि वळणावळणाचं की अकरा महिन्यांत मला ते नीट म्हणता आलं नाही. मी त्यांना महाराज म्हणायचे. हरप्रीत बाबाजी म्हणायचा. आठ-नऊशे वर्षांपूर्वीचे, एका थंड दरीतल्या छोट्याशा मठाचे प्रमुख. पोटाचे कायमचे रोगी. त्यांनी देवावरच्या प्रेमावर लिहिलं, मैत्रीवर लिहिलं, आणि सगळ्यात मोठा ग्रंथ लिहिला तो मौनावर. सहाशे पानं!

हे मला कळलं त्या दिवशी मी हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी होते. "गप्प बसण्यावर सहाशे पानं? सर, तुमच्या महाराजांना कोणी सांगितलं नाही का, की आता पुरे?"

सुजाताने भीत भीत हे इंग्रजीत सांगितलं. सर गंभीर झाले. म्हणाले, "सांगितलं होतं. शेजारच्या मठाच्या प्रमुखाने पत्र पाठवून सांगितलं. त्याला उत्तर म्हणून महाराजांनी आणखी दोनशे पानं लिहिली."

त्या शेजारच्या मठाशी महाराजांचं फार वाजायचं. भांडण कशावरून, तर तिथले साधू तोंडाने गप्प बसतात पण हातांनी बडबड करतात यावरून. त्या काळी मठांत जेवताना बोलायची बंदी, म्हणून खुणांची एक अख्खी भाषाच होती. अंगठे आणि पहिली बोटं जोडून गोल केला की पाव. करंगळी ओठांत धरली की दूध. जिभेच्या टोकाला बोट लावलं की मध. महाराजांचं म्हणणं, या खुणा गरजेपुरत्या. शेजारचे लोक त्यांनी चहाड्या करतात, विनोद सांगतात! आणि सर त्यांची बाजू घेऊन असं तावातावाने बोलायचे की जणू तो शेजारचा मठ आमच्या गल्लीच्या टोकाला, पेट्रोल पंपाच्या मागेच आहे.

एक गंमत सांगते. त्या देशात मला कुठे काही बोलता येत नव्हतं. दुकानात, बसमध्ये, दवाखान्यात मी सुजाताच्या मागे उभी, मुक्या गाईसारखी. पण संध्याकाळी सहा वाजले, घंटी झाली, की त्या टेबलावर मी सगळ्यांच्या बरोबरीची! कोणालाच बोलायचं नाही म्हटल्यावर माझ्या इंग्रजीचं कोण काय बघणार? आठ दिवसांत मला सगळ्या खुणा आल्या. महिन्याभरात मी नव्या काढल्या. कारण स्वयंपाक मी माझ्या हातात घेतला होता, आणि महाराजांच्या मठात वरण नव्हतं. पळीने ढवळल्यासारखं केलं की वरण. गोल करून तळहात उलटा केला की चपाती. आणि एक डोळा मिटून कानाची पाळी चिमटीत धरली की लोणचं. ही खूण सरांना इतकी आवडली की ते लोणचं नको असलं तरी मागायचे.

वाचायची पाळी ठरलेली असायची. माझी पाळी नव्हती, हे उघडच आहे. सुजाता भराभर वाचून मोकळी व्हायची. हरप्रीतची तऱ्हा वेगळी. तो दिवसा युनी, नंतर टॅक्सी. क्रिकेट चालू असलं की कानात वायर घालून वाचायला उभा. मौनाच्या तिसऱ्या पायरीचं वर्णन चालू असताना त्याच आवाजात, त्याच चालीत, तो मध्येच वाचायचा, "आणि हे बंधूंनो, तिसरा गडी बाद." सर डोळेही न उघडता अंपायरसारखं एक बोट वर करायचे आणि वाचन पुढे चालू. ही खूण महाराजांच्या यादीत नव्हती, पण तिला आमच्या घरात मान्यता होती.

आणि चूक झाली की छातीवर मूठ तीनदा मारायची. माझी चूक, माझी चूक, माझी चूक. हाही मठातलाच रिवाज. भांडं पडलं, ठोठो. बोलून गेलं, ठोठो. मी एकदा आमटीत मीठ दोनदा घातलं तेव्हा कोणी काही म्हणायच्या आतच छाती बडवून घेतली. सरांनी लगेच दोन्ही हात वर करून मला माफ केलं आणि पाण्याचा जग स्वतःकडे ओढला.

आम्ही बौद्ध माणसं. पिंपरीच्या आमच्या विहारात मी प्रौढांच्या वर्गात लिहायला-वाचायला शिकले, तेही लग्नानंतर. एकदा सर मला म्हणाले, "मिसेस आई, तुमचे भन्तेही मौन पाळतात. पण तुम्ही तर देव मानत नाही. मग ते गप्प कोणासाठी बसतात?"

मी भाजी निवडत होते. म्हटलं, "शेजारच्यासाठी. त्याचं बोलणं ऐकू यावं म्हणून."

सुजाताने सांगितलं. सरांनी खिशातून पेन काढलं आणि ते भाजीच्या पिशवीवरच लिहून घेतलं. मग ती पिशवी आठवडाभर कोणाला टाकू दिली नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

मी येऊन चारेक महिने झाले असतील. त्या टेबलावर सरांच्या नजरेतून एकही खूण सुटायची नाही. हरप्रीतने टेबलाखालून सुजाताला काही खुणावलं तरी घंटी वाजायची. आणि एके संध्याकाळी मी त्यांना विचारलं, मीठ हवं का? बोटांची चिमूट चोळून, नेहमीची खूण. ते माझ्याकडे बघून प्रेमाने हसले. मीठ घेतलं नाही, नकोही म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी हरप्रीतने जाकीट खुर्चीच्या पाठीवर टाकलं होतं, तर सरांनी छातीवर हात ठेवून त्या जाकिटाचे आभार मानले. हरप्रीत वहीत डोकं घालून वाचत होता, सुजाता ताटात डोकं घालून जेवत होती. मी हातांकडे बघणारी बाई, मला दिसलं.

तिसऱ्या दिवशी मी परीक्षा घेतली. सरांच्या समोर बसून मी अंगठा आणि बोट चोचीसारखं केलं, कोपरं पंखांसारखी हलवली, मग त्यांच्या डोक्याकडे बोट दाखवलं. म्हणजे, सर, तुमच्या डोक्यावर कोंबडी बसली आहे.

सरांनी मान झुकवली, छातीवर हात ठेवला आणि मला धन्यवाद दिले.

मला हसायला येईल असं वाटलं होतं. आलं नाही. हातातला घास तसाच राहिला.

जेवणं झाल्यावर मी भांडी घासत होते तर ते मागे येऊन उभे राहिले. पोरं आपापल्या खोल्यांत गेली होती. एवढं इंग्रजी मला तोवर कळायला लागलं होतं. म्हणाले, "काय सांगितलंत मला? माझ्या डोक्याबद्दल काहीतरी होतं."

मी म्हटलं, "चिकन."

ते इतके हसले की ओट्याला धरून उभे राहिले. मग डोळे पुसले आणि सांगितलं. नजरेत मधोमध सगळं पुसलं गेलंय, या आठवड्यात जास्तच, कडेकडेचं थोडं दिसतं. पुस्तकातली अक्षरं तर वर्षभरापासून गेलीत. म्हणजे ते रोजचं वाचन! मला वाटायचं मठाचा रिवाज. रिवाज होताच, पण स्वतःच लिहिलेलं पुस्तक त्यांना आता पोरांच्या तोंडून ऐकावं लागत होतं. आणि ही गोष्ट कोणालाही, मुख्य म्हणजे त्यांच्या भाचीला कळू द्यायची नव्हती. हेलन तिचं नाव. समुद्राकडच्या भागात राहायची, फार मायेची बाई. तिला कळलं तर ती त्यांना वृद्धाश्रमात नेऊन ठेवणार, आणि शेवटची दोन प्रकरणं राहून जाणार. तीस वर्षांचं काम, आणि राहिली होती दोन प्रकरणं.

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मी मान हलवली, मग लक्षात आलं की त्यांना ते दिसलं नसणार. म्हणून मोठ्याने म्हटलं, "यस."

आता जेवणाचं काय करायचं? काटा-चमचा घेऊन ते ताटलीत नुसतं शोधत बसायचे. इथे माझी जुनी नोकरी कामाला आली. सुजाताचे वडील गेल्यावर मी सात वर्षं एका मंगल कार्यालयात वाढप्याचं काम केलं. आमच्या घरी एक भाकरी, एक कालवण. डावं-उजवं मांडायला इतके जिन्नस कुठे असायचे? पण कार्यालयात ताट वाढायला शिकले ते पक्कं. मीठ वर मधोमध. त्याच्या डाव्या हाताने खाली येत लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर. उजव्या हाताला भाजी, मग आमटीची वाटी. समोर भात, चपाती. पाचशे पानं उठू देत, लोणचं कधी उजवीकडे जाणार नाही. तिथले आचारी म्हणायचे, डोळे मिटून जेवता आलं पाहिजे असं वाढ. ते बोलण्यापुरतं म्हणायचे. मी खरंच तसं वाढायला घेतलं.

सरांना एकदा बोटं धरून फिरवून आणलं ताटभर. वर मीठ, इथे चटणी, इथे लोणचं. लॅटिन शिकलेलं डोकं ते, दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ते हाताने असे जेवायला लागले की हरप्रीत म्हणाला, "आंटीजी, सर तो पूरे इंडियन हो गये!" आणि सुजाता मला म्हणाली, "आई, तू पण ना, सगळ्यांना बिघडवतेस." मी गप्प. त्या घरात गप्प बसणं किती सोपं होतं!

दोन महिने निभावलं. मग सरांनी गाडी मागे घेताना शेजारणीची पत्रपेटी आडवी केली आणि शेजारीण हेलनशी बोलली. रविवारी हेलन जेवायला आली.

आता पोरांना सांगावंच लागलं. सुजाता माझ्यावरच चिडली, आधी का नाही सांगितलंस म्हणून. हरप्रीत मात्र कामाला लागला. दारापासून टेबलापर्यंत वाटेत येईल ते सगळं उचललं, सरांच्या पायांतले बूट पुसून चकचकीत केले. मी पाच ताटं वाढली. सगळ्यांची सारखी, म्हणजे संशय नको. त्यात लोणच्याशेजारी ठेचाही होता, हिरव्या मिरचीचा. तो सरांना फक्त वासापुरता.

घंटी झाली. हरप्रीत वाचायला उभा राहिला. हेलन मामांच्या शेजारी बसली. सर असे जेवत होते की बघत राहावं. कोशिंबीर, भाजी, आमटीत चपाती, एक थेंब इकडे तिकडे नाही. हेलनच चाचपडत होती बिचारी, आमटी कशाशी खायची म्हणून. तिच्या चेहऱ्यावरची काळजी उतरताना मला दिसली. मी मनात म्हटलं, जिंकलो.

आणि मग त्या मायेच्या बाईने काय करावं? सरांचा भात संपत आला होता, उरलेला पलीकडच्या कडेला होता. तो जवळ यावा म्हणून तिने त्यांचं ताट हळूच धरून अर्धं फिरवलं.

मला ओरडायचं होतं. पण घंटी, नियम, आणि ओरडून सांगणार काय? सरांचा हात सवयीने भाजीच्या जागी गेला. चपातीच्या तुकड्यात त्यांनी चांगला भरघोस ठेचा उचलला आणि तोंडात घातला.

पहिल्यांदा कान लाल झाले. मग नाक. मग डोळ्यांतून घळाघळा पाणी. पण माणूस चार वर्षं मठात राहिलेला. तोंडातून शब्द नाही. चावून, गिळून, त्यांनी हळूच जिभेच्या टोकाला बोट लावलं. मध! अहाहा, मधासारखं झालंय!

हरप्रीत फिस्सकन हसला. वही हातातून पडली. सुजाताने पदर नव्हता म्हणून नॅपकीन तोंडात कोंबला. हेलनने एकेकाकडे पाहिलं, मग ताटाकडे, मग तिने मिठाची डबी उचलली आणि सरांच्या डोळ्यांसमोर धरून ठेवली. सर तिच्या पलीकडे भिंतीकडे बघत, डोळ्यांतलं पाणी गाळत, मधासारखे हसत होते.

"अंकल," ती म्हणाली. घंटी वाजली नाही. "किती दिवस झाले?"

"दोन प्रकरणं राहिली आहेत," सर म्हणाले.

ती रडली. मग मी तिच्या पाठीवरून हात फिरवला, मग ती पुन्हा जेवायला बसली आणि ठेचा सोडून सगळं संपवलं. जाताना ठरवून गेली. पुस्तक होईपर्यंत मामा इथे. पुस्तक झालं की तिच्या घराजवळच्या वृद्धाश्रमात. आधी नाही आणि नंतर नाही.

मला वाटलं, सुटलो. पण म्हातारा बेरकी! पुस्तक होईपर्यंत ना? मग पुस्तक होऊच द्यायचं नाही. रोज दुपारी सुजाता कॉम्प्युटर घेऊन बसायची, ते सांगायचे, ती टाइप करायची. सांगायचं काय, तर महाराजांच्या चपलांवर चार पानं. मठातल्या मेणबत्त्यांच्या वातींवर तीन. लॅटिनची जाडी पुस्तकं वाचायला त्यांना माणूस लागायचा. पोरं इंग्रजीसारखं वाचायची, सर कपाळ धरून बसायचे. मी एबीसीडी ओळखत होते, जे अक्षर दिसेल तो आवाज काढत, आपल्या मराठीसारखं, एकेक अक्षर फोडत वाचलं, तर म्हणाले, "वा! हे चालेल." अर्थ एका शब्दाचा कळत नव्हता. पण एवढं कळत होतं की महाराज अजून ठणठणीत आहेत आणि पुस्तक त्यांच्या मरणापाशी संपायचं आहे.

माझा व्हिसा संपायला दीड महिना उरला. सुजाताचा कोर्स संपत आला होता, तिला दूर दुसऱ्या शहरात, पॅरामॅटाला नोकरी लागण्याची चिन्हं होती. हरप्रीत मेलबर्नला पॉइंट कुकला भावाकडे निघाला होता. मी गेले की ताट कोण मांडणार? पोरं गेली की कोण लिहून घेणार? हेलन एकटीच्या बळावर हे करणार नव्हती. सरांची कडेकडेची नजरही आता जायला लागली होती. एका दुपारी वातींचं प्रकरण पुन्हा सुरू झालं आणि माझा संयम सुटला.

"सर, महाराजांना मारा आता!"

सुजाता दचकली. "आई!"

"तू सांग त्यांना. म्हणावं, आईचा व्हिसा संपतोय. तिच्या आधी महाराज गेले पाहिजेत."

सुजाताने सांगितलं. सरांनी मांडीवरचं जाडं पुस्तक मिटलं. मग हळू आवाजात म्हणाले, "तीस वर्षं रोज सकाळी मी त्याच्याशी भांडलोय, मिसेस आई. तो गेला तर सकाळी उठून मी काय करू?"

हे काही मला नवीन नव्हतं. मी त्यांच्या जवळ सरकून बसले. विचारलं, "कसे गेले महाराज? सांगा तर."

तिथेच तर अडलं होतं. महाराजांच्या मरणाच्या दोन हकिकती होत्या. एक लिहिली होती चाळीस वर्षांनंतर, कधी महाराजांना न पाहिलेल्या माणसाने. त्यात खोली उजळून निघाली, देवदूत आले, सुगंध सुटला, महाराजांनी मौनावर शेवटचं प्रवचन दिलं. दुसरी म्हणजे मठाच्या स्वयंपाक्याच्या सामानाच्या यादीत मध्येच घुसलेली एक ओळ. आज सकाळी महाराजांनी मला खुणेने विचारलं, सगळे जेवले का? मी मान हलवली. दुपारी ते गेले. आणि त्याखाली पुन्हा कांदे, मीठ.

"मोठा विद्वान माणूस," सर म्हणाले. "सहाशे पानं लिहिलेला. त्याचा शेवट असा कांद्यांच्या वर कसा करू?"

मी म्हटलं, "सर, दुसरं खरं आहे."

"कशावरून?"

"सुजाताचे वडील गेले तेव्हा तोंडात नळी होती. बोलता येत नव्हतं. सकाळी मला हाताने विचारलं." मी पाची बोटं जुळवून तोंडाकडे नेली, मग सुजाताकडे दाखवल्यासारखं केलं. सरांना दिसणार नव्हतं, म्हणून त्यांचा हात धरून त्यांच्याच बोटांनी ते करून दाखवलं. "पोरगी जेवली का? मी हो म्हटलं. खोटंच सांगितलं, सकाळपासून घरात चूल पेटली नव्हती. जाणारा माणूस हेच विचारतो, सर. देवदूत मागून कोणीतरी घालतं."

सुजाताला हे माहीत नव्हतं. तिने ते इंग्रजीत सांगायला तोंड उघडलं आणि तिला सांगता येईना. सर म्हणाले, "कळलं मला." मग म्हणाले, "लिही, सुजाता." आणि त्या दुपारी महाराज गेले. कांद्यांच्या वर, तीन ओळींत. चपलांपेक्षा कमी जागेत.

संध्याकाळी मी भात केला, वरण केलं. हरप्रीत म्हणाला, बाबाजी गेलेत, आज वाचायला नको. त्या दिवशी कोणीच वाचलं नाही.

मी परत आले. सर वृद्धाश्रमात गेले. पुस्तक छापून यायला दोन वर्षं लागली, तोवर सुजाता नोकरीत पक्की झाली आणि तिने मला पुन्हा बोलावलं. आम्ही दोघी विमानाने अॅडलेडला सरांना भेटायला गेलो. जाताना सुजाता पुस्तक चाळत होती. "आई, आपली नावं कुठेच नाहीत," ती जरा हिरमुसून म्हणाली. "थँक यू फक्त स्वयंपाक्याला म्हटलंय. त्या मठाच्या." मग शेवटची पानं उलटताना ती एकदम थांबली. शेवटी महाराजांच्या मठातल्या खुणांची यादी होती. पाव, मासा, दूध, मध. आणि दूध आणि मध यांच्या मधोमध, एक डोळा मिटून कानाची पाळी चिमटीत धरणे: आंबट-तिखट मुरवलेले फळ. खाली पळीने ढवळण्याची खूणही होती. अंपायरच्या बोटाबद्दल लिहिलं होतं, हिचा अर्थ अद्याप लागलेला नाही.

"अगं बाई," मी म्हटलं. "आता शिकलेली माणसं काय समजतील? महाराजांच्या मठात लोणचं होतं?"

वृद्धाश्रमाच्या जेवणघरात टीव्ही, बोलणं, भांड्यांचा आवाज, नुसता गोंधळ. एका कोपऱ्यातल्या टेबलावर मात्र शांतता. सर आणि तीन म्हाताऱ्या. एकीने करंगळी ओठांत धरली, दुसरीने तिच्याकडे दूध सरकवलं. मी जाऊन सरांचा हात धरला. त्यांनी बोटं चाचपून पाहिली आणि म्हणाले, "मिसेस आई."

मी खाली बसले. सुजाताला मध्ये न घेता, माझ्याच इंग्रजीत विचारलं, "सर. बुक. महाराज, पिकल? मिस्टेक? नो मिस्टेक?"

सरांनी चेहरा अतिशय गंभीर केला. मूठ वळली आणि छातीवर मारली. एकदा, दोनदा, तीनदा. मग एक डोळा मिटला आणि कानाची पाळी चिमटीत धरली.

लोणच्याची बाटली माझ्या पर्समध्येच होती. एअरपोर्टवर फॉर्ममध्ये लिहून, तिथल्या बाईला उघडून दाखवून आणली होती. त्यांच्या ताटलीत इथल्या लोकांनी सगळं एकत्र कालवून ठेवलं होतं. मी चमच्याने ते बाजूला केलं, मीठ वर मधोमध ठेवलं आणि डाव्या हाताला, त्याच्या जागेवर, लोणचं वाढलं.

सरांनी न चाचपडता बोट तिथे नेलं.